लोणच्यावरचा दगड

सासूचं तेरावं झालं
आणि मी तिची बरणी रिकामी करायला घेतली.
कैरी संपलेली. तळाशी मोहरीचं तेल,
लसणाची सालं, विरी-विरी मिरचीच्या बिया,
आणि फोडी तेलाबाहेर येऊ नयेत म्हणून ठेवलेला
तो काळा दगड, मुठीएवढा.

लग्न होऊन मी या खांबांवरच्या घरात आले
तेव्हाही तो होता.
फोडी उन्हात सुकल्या की ती हाक मारायची,
"दगड कुठाय गं?"
मी धुऊन द्यायचे. भांड्याच्या साबणानं.

पंडित रामसरूप अंगणातली झेंडी बदलायला आले,
बर्बीसच्या चिखलाचे रबरी बूट घालून.
पाणी प्यायला वर आले, ओट्यावरचा दगड दिसला,
उचलून खिडकीशी धरला.
एका बाजूला भोक. भोकात चक्र,
वळत वळत आत गेलेलं.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग त्यांनी बूट काढले.

म्हणाले, हा शाळिग्राम.
ऊस तोडायला आलेल्या कुणाच्या तरी गाठोड्यातून
जहाजानं आला असेल.
ज्याला ठाऊक होतं ते माणूस गेलं,
मागे राहिलेल्यांना नुसतं वजन उरलं.
म्हणाले, रोज न्हाऊ घाल. तुळशीचं पान वाहा.
कोरड्या वस्त्रावर ठेव.
आणि उपाशी ठेवू नको, एक दिवससुद्धा.
म्हणाले, खरं तर बायकांनी याला
आणि बरणीकडे बघून गप्प झाले.

न्हाऊ घालणं मला येतं.
न्यू ॲम्स्टरडॅमच्या इस्पितळात तेच करते मी,
बायकांचा वॉर्ड, अकरा खाटा.
पाणी कोपरानं तपासायचं.
मानेच्या वळ्या, बेंबी, बोटांच्या बेचक्या.
घासायचं नाही, टिपायचं.
पाठ चिघळू नये म्हणून
दर दोन तासांनी कूस बदलायची.
देवाची बदलायची का,
हे पंडितांना विचारायचं राहून गेलं.

नवऱ्याला टोरांटोला फोन लावला.
"म्हणजे तीस वर्षं आपण देवाला लोणच्यात..."
देवान हसत सुटला. मग हसणं तुटलं.
"आईला कळायला हवं होतं," म्हणाला.
त्याच्या मागे कुणीतरी बर्फ खरवडत होतं.

मग सुरू झालं.
पहाटे पाचला तांब्या, पान, साखरेचे चार दाणे,
सव्वापाचला बस.
सुट्टीच्या दिवशी थोडी जास्त साखर.

जूनमध्ये एका रात्री मिस युनीसचा श्वास अडकायला लागला.
एक्याण्णव वर्षांची, सगळी मुलं परदेशात.
तिनं माझं मनगट धरलं होतं,
पाळी संपली तरी सोडवून घेता येईना.
पहाट झाली, दुसरी पाळी आली,
दुपारी तिनं आपण होऊन सोडलं.
तिला शेवटचं न्हाऊ घातलं. कोपर बुडवून पाणी तपासलं,
सवयीनं.

घरी आले तर रस्त्यावर भरतीचं पाणी,
कोकरचं दार कुणी वेळेवर पाडलं नव्हतं.
गुडघाभर पाण्यातून आले, जिना चढले.
तो तसाच, कोरडा,
अंगावर काल सकाळचं पान, काळं पडलेलं.
काय म्हणायचं असतं अशा वेळी?
पिशवीत अर्धी रोटी होती, मीच खाऊन ठेवलेली.
त्यातलाच तुकडा मोडून पुढे ठेवला.
त्यानं विचारलं नाही कुठे होतीस.
सासू विचारायची,
आणि उत्तर ऐकायच्या आधी ताट वाढायची.

त्या दिवशी पाणी जरा जास्तच गरम झालं.
तांब्या ओतला, आणि भोकातून
वास आला.
लसूण, मोहरी, उन्हात तापलेली कैरी.
धुतलेल्या हातांनाही तिच्या
येत राहायचा, तोच.

आता पाणी मुद्दाम तसंच तापवते.
पंडितांनी चक्र साफ करायला
एक मऊ ब्रश दिलाय.
अजून पाकिटातच आहे.